ध्रुवीय समुद्रतळाचे भूशोधन

बर्फाखालच्या ध्रुवीय समुद्रांचा तळ, त्यावरील गाळाचे थर आणि त्याखालचा खडक यांचा ध्वनिलहरी, गुरुत्वमापन, चुंबकमापन व वेधन यांच्या साहाय्याने घेतलेला शोध. या क्षेत्रातील भारताची प्रमुख संस्था, राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र, गोव्यात वास्कोला आहे. देशाची पहिली अंटार्क्टिका मोहीमही ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्यातूनच निघाली.

पाहणीत जहाजामागून दाबलेल्या हवेचा बार पाण्यात सोडतात; तळाखालच्या थरांवर आपटून परतणारा आवाज लांब केबलमधली यंत्रे टिपतात. बर्फात ही केबल तुटते. म्हणून ती आखूड ठेवतात आणि पुढे हिमभंजक जहाज वाट मोकळी करत जाते.

वेधन त्याहून अवघड, कारण जहाजाला जागेवर थांबावे लागते आणि बर्फ मात्र वाहतच असतो. २००४ साली उत्तर ध्रुवाजवळच्या लोमोनोसोव्ह या समुद्राखालच्या डोंगररांगेवर ‘ओडेन’ आणि रशियाचे अणुशक्तीवर चालणारे ‘सोव्हेत्स्की सोयूझ’ या हिमभंजकांनी येणारे हिमखंड फोडले, तेव्हा वेधन करणाऱ्या ‘विदार वायकिंग’ जहाजाला तळाखाली चारशे मीटरहून खोल जाता आले. वर आलेल्या गाळात सुमारे ४.९ कोटी वर्षांपूर्वीचा अझोला सापडला. भातखाचरात वाढणारी ही गोड्या पाण्यातली वनस्पती आर्क्टिकच्या पृष्ठभागावर एके काळी पसरली होती!

अशा तळावर हिमाची खूण कशी ओळखायची, हे विदर्भातही शिकता येते. पैनगंगा नदी चंद्रपूरच्या नैऋत्येस इरई गावाजवळून जाते. तिथला चुनखडक घासून गुळगुळीत झालेला, समांतर ओरखड्यांनी भरलेला आहे. त्यावर बारीक मातीत रुतलेल्या, ओरखडलेल्या गोट्यांचा, तालचीर नावाचा थर आहे. भूवैज्ञानिक फ्रान्सिस फेडन यांनी १८७५ मध्ये याचे वर्णन प्रसिद्ध केले. जवळपास ३० कोटी वर्षांपूर्वी, भारत गोंडवनखंड या प्राचीन महाखंडाचा भाग असताना, हिम इथून सरकले होते. ध्रुवीय समुद्रांच्या सोनार-नकाशांत तळावर दिसणारे समांतर चर त्याच क्रियेचे, फक्त कितीतरी मोठे.

भारताचे ‘भारती’ केंद्र २०१२ पासून अंटार्क्टिकात प्रिड्झ उपसागराच्या काठी आहे. या उपसागरात १९८८ आणि २००० साली वेधन झाले. हिमगाळाच्या खाली नद्यांनी आणलेली वाळू लागली, म्हणजे हिम येण्याआधी इथे नद्या वाहत होत्या. गोंडवनखंड अखंड असताना हा किनारा भारताच्या पूर्व किनाऱ्याला लागून होता. इरईजवळून हिम सरकले त्या तालचीर काळात समुद्र भारताच्या अंतर्भागातही शिरला होता. छत्तीसगडमधील मनेंद्रगडच्या तालचीर थरांत युरिडेस्मा या सागरी शिंपल्याचे जीवाश्म मिळतात.