जीपीओच्या घुमटाचं घराणं

मुंबईचं जीपीओ इंग्रजांनी बांधलं हे खरं, पण ती इमारत इंग्रजी आहे हे मला कधीच पटलेलं नाही. तिचा घुमट दख्खनी आहे आणि त्याच्या घराण्याची एक शाखा आमच्या नगरात आहे.

जीपीओचा आराखडा मुंबई सरकारचे वास्तुतज्ज्ञ जॉन बेग यांचा. बांधकाम 1904 मध्ये सुरू झालं, 1913 मध्ये संपलं. शेजारी स्टीव्हन्स यांचं गॉथिक व्हिक्टोरिया टर्मिनस दिमाखात उभं होतं, तरी बेग यांनी त्याचा कित्ता गिरवला नाही. त्यांनी डोळ्यांपुढे ठेवला विजापूरचा गोल घुमट. काळ्या बेसाल्टला कुर्ल्याच्या पिवळ्या आणि ध्रांगध्र्याच्या पांढऱ्या दगडाची जोड दिली. वर घुमट चढवला 65 फूट व्यासाचा. त्याच्याखालच्या दालनात माणसं तिकिटं घेतात, 2025 पर्यंत रजिस्टरही करत.

मूळ घुमट याच्या जवळपास दुप्पट, आतून सुमारे 124 फूट. मोहम्मद आदिलशहाची ही कबर 1656 ची. चौकोनी दालनावर गोल घुमट बसवायचा म्हटलं की कोपरे आडवे येतात. विजापूरच्या कारागिरांनी एकमेकींना छेदणाऱ्या आठ कमानी रचून चौकोनाचा अष्टकोन केला आणि त्यावर वर्तुळ टेकवलं. घुमट स्वतःच्या भाराने बाहेर फाकू पाहतो. आत झुकलेल्या या कमानींचं दगडी वजन त्याला आवरून धरतं. इतकी हुशारी दगडात क्वचितच दिसते.

आणखी मागे गेलं की बहमनी राज्य लागतं. ते फुटलं त्यातूनच आदिलशाही आणि निजामशाही निघाली. नगर वसवणारा अहमद निजामशहा बागरोजात निजला आहे: काळ्या दगडाची चौकोनी इमारत, वर घुमट, आणि तीही गोल घुमटाच्या सुमारे दीडशे वर्षं आधीची. विजापूरने तिच्यावरून उचललं असं मी म्हणणार नाही, पण नातं उघड आहे. दोन्ही दरबारांत येणंजाणं होतंच. चांदबिबी नगरची लेक, विजापूरची सून. मलिक-ए-मैदान तोफ 1549 मध्ये नगरात ओतली गेली. आज ती विजापूरच्या बुरुजावर आहे.

जीपीओच्या कामात बेग यांच्या हाताखाली असलेल्या जॉर्ज विटेट यांनी पुढे मुंबईच्या संग्रहालयावरही याच वळणाचा घुमट चढवला. नगरकरांनो, मुंबईला गेलात तर जीपीओत जरूर डोकावा. पण त्याआधी आपला बागरोजा एकदा नीट बघून घ्या.