अन्न, हात आणि पंगत : आजन्म आहाराच्या निवडीचा एक ऐतिहासिक विचार

आयुष्यभर एकाच पद्धतीचे अन्न खावयाचे झाल्यास कोणते पत्करावे, हा प्रश्न आज बहुधा रुचीचा म्हणून विचारला जातो. महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात मात्र तो केवळ रुचीचा प्रश्न म्हणून क्वचितच उपस्थित झालेला दिसतो. मराठी भाषेतील आहारविषयक शब्दच याची साक्ष देतात. 'स्वयंपाक' या शब्दाचा मूळ अर्थ स्वतः शिजविणे असा आहे. परान्न वर्ज्य करून आपल्या हातचेच खाणारा तो 'स्वयंपाकी' होय. पुढे अर्थ पालटत जाऊन दुसऱ्यांसाठी रांधणाऱ्यास तेच नाव मिळाले, ही गोष्ट मोठी लक्षणीय आहे. परान्न, सोवळे, पंक्तिपावन, पंक्तिबाह्य, रोटीव्यवहार हे शब्दही याच कुळातील आहेत. ताटात काय आहे हे यांपैकी एकही शब्द सांगत नाही. अन्न कोणाच्या हातचे आणि ते कोणाच्या शेजारी बसून खाल्ले, एवढेच ते सांगतात.

तेव्हा काय खावे, कोणाच्या हातचे खावे आणि कोणाच्या पंगतीस बसून खावे, हे तीन प्रश्न परंपरेने एकत्र बांधलेले होते. जन्माबरोबर तिन्हींची उत्तरे मिळत. निवडीस वाव नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात काही व्यक्तींच्या आयुष्यात ही गाठ सुटली, आणि तेव्हाच आहाराची खरीखुरी निवड संभवनीय झाली, असे या निबंधाचे प्रतिपादन आहे.

प्रथम ज्यांच्यापुढे निवड नव्हती त्यांचा विचार करणे युक्त होईल. नगर शहरालगत पुणे रस्त्यावर केडगाव वसले आहे. एके काळचे हे स्वतंत्र खेडे आज अहिल्यानगर महानगरपालिकेच्या हद्दीत मोडते. हा सारा अवर्षणप्रवण मुलूख रब्बी ज्वारीचा, आणि म्हणून भाकरीचा. येथील कुणब्याचे आजन्म अन्न जमिनीने आणि पावसाने ठरविले. 'भाकरी' या शब्दास उपजीविका हा अर्थ प्राप्त झाला तो अशाच प्रदेशांच्या अनुभवातून. तथापि निवड नसली तरी निष्ठा नसते असे नाही. १९७२ च्या दुष्काळात परदेशातून आलेली तांबडी ज्वारी लोकांनी खाल्ली, कारण दुसरे काही नव्हते; परंतु तिला त्यांनी ज्वारी म्हटले नाही, 'मिलो' म्हटले. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने धान्य एकाच जातीचे. लोकांनी नावात भेद राखला. पोटात घेतलेले अन्न त्यांनी आपले मानले नाही, एवढा अर्थ त्या नावभेदातून निश्चित निघतो.

ज्यांना निवड करावी लागली ते निराळे होते. नगर येथे अमेरिकन मराठी मिशनचे कार्य १८३१ मध्ये सुरू झाले, आणि ख्रिस्ती धर्म स्वीकारणाऱ्या प्रत्येकापुढे पंगतीचा प्रश्न उभा राहू लागला. त्याचे सर्वांत प्रांजळ चित्रण लक्ष्मीबाई टिळक यांच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात आढळते. लक्ष्मीबाईंचे वडील कमालीचे सोवळे पाळणारे. वाणसामानदेखील धुऊन घेण्यापर्यंत त्यांची मजल गेली होती. १८९५ मध्ये पती नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले, आणि अशा घरात वाढलेल्या या स्त्रीचा संसार दुभंगला. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर त्या पतीबरोबर राहू लागल्या तरी आपले सोवळे त्यांनी काही काळ सांभाळले. पुढे जातिभेद ईश्वरनिर्मित नसून मनुष्यनिर्मित आहे अशी त्यांची खात्री पटली आणि कोणाच्याही हातचे खाण्यास त्या सिद्ध झाल्या. बाप्तिस्मा त्यानंतरचा, म्हणजे १९०० मधील. येथे क्रम महत्त्वाचा आहे. हाताचा व पंगतीचा निर्बंध आधी गळाला, धर्मांतर मागाहून घडले.

पंगतीचे हे सामर्थ्य किती होते हे पुण्यातील पंचहौद मिशनच्या चहाने दाखवून दिले. १८९० मध्ये तेथे चहापानास गेलेल्या मंडळींत न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक हेही होते. त्यावरून ग्रामण्य उपस्थित झाले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, आणि अखेर उभयतांनी प्रायश्चित्त घेतले. वाद चहाचा नव्हता. चहा अनेक घरांत शिरलाच होता. वाद होता तो तो कोठे आणि कोणाकडून घेतला याचा.

या पार्श्वभूमीवर पंडिता रमाबाईंचे उदाहरण सर्वांत उद्बोधक ठरते, आणि त्यांचे नाव ज्या गावाशी कायमचे जोडले गेले त्याचेही नाव केडगावच आहे. हे दुसरे केडगाव पुणे जिल्ह्यात, दौंड तालुक्यात, लोहमार्गावर आहे. नामसाम्यामुळे दोहोंची गल्लत होऊ नये.

अनंतशास्त्री डोंगरे यांच्या या कन्येने दुष्काळात आईवडील व थोरली बहीण गमावली, आणि बंधू श्रीनिवासशास्त्री यांच्यासह भ्रमण करीत ती १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचली. तेथे एका ख्रिस्ती मेळाव्यात काही ब्राह्मण इंग्रजांबरोबर खातपीत असलेले पाहून कलियुग पूर्णपणे अवतरल्याचा आपला ग्रह झाला, असे रमाबाईंनी पुढे आत्मनिवेदनात नमूद केले आहे. त्या वेळी त्यांच्याही लेखी अन्न आणि पंगत ही एकच गोष्ट होती.

पाचच वर्षांनी, २९ सप्टेंबर १८८३ रोजी, इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी कन्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. पंगत मोडली, आहार मात्र त्यांनी मोडला नाही. त्या शाकाहारीच राहिल्या, अंडे घातलेले पक्वान्नही त्यांनी नाकारले. ज्यांच्या आश्रयाने त्या तेथे राहत होत्या त्या सिस्टर जेराल्डिन यांना यात जात्यभिमानाचा अवशेष दिसला. रमाबाईंचे उत्तर त्यांच्या पत्रव्यवहारात उपलब्ध असून तो १९७७ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. एखादी इंग्रज स्त्री हिंदूंमध्ये राहावयास आली आणि कोणास उपद्रव न देता आपल्या चालीरीती तिने चालू ठेवल्या, तर तिला कोणी गर्विष्ठ म्हणेल काय, अशा आशयाचा त्यांचा प्रतिप्रश्न आहे. पूर्वजांच्या चालीरीती शक्य तेवढ्या आपण राखतो, हेही त्यांनी लपविले नाही. धर्म बदलला म्हणून ताटही बदलले पाहिजे, हा आग्रह त्यांना मान्य नव्हता.

आनंदीबाई जोशी यांच्याशी तुलना केली असता या भूमिकेचे वेगळेपण स्पष्ट होते. त्याच १८८३ साली वैद्यकीय शिक्षणासाठी अमेरिकेस जाताना हिंदू म्हणून जाऊन हिंदू म्हणूनच परत येण्याचा निर्धार आनंदीबाईंनी जाहीर केला, आणि परदेशातही त्या शाकाहारी राहिल्या. त्यांच्या बाबतीत आहार हे धर्म टिकविल्याचे चिन्ह होते. रमाबाईंच्या बाबतीत तसे म्हणता येत नाही. आहाराला त्यांनी धर्मापासून आणि जातीपासून सोडवून घेतले आणि मगच तो आपला म्हणून ठेवला.

हा विवेक त्यांनी दुसऱ्यांच्या बाबतीतही पाळला. १८८९ मध्ये मुंबईत स्थापन होऊन पुढल्या वर्षी पुण्यास आलेल्या शारदा सदनात हिंदू मुलींना आपले जातिनियम पाळण्याची मुभा होती. मात्र पंक्तिभेदास अन्नाची टंचाई मर्यादा घालते. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या निराधार मुलींना केडगावी आश्रय मिळाला, आणि तेथे मुक्तिसदन उभे राहिले. उपासमार भोगून आलेल्या मुलींपुढे पहिला प्रश्न हाताचा किंवा पंगतीचा नव्हता, अन्नाचा होता. स्वतः रमाबाईंनी मात्र १९२२ मध्ये देहावसान होईपर्यंत आपला शाकाहार सोडला नाही.

एका केडगावच्या शेतकऱ्याला आजन्म अन्न जमिनीने दिले. दुसऱ्या केडगावच्या विदुषीने ते समजून-उमजून पत्करले. दोघांची ताटे साधीच. परंतु निवड म्हणजे नवे काही घेणे, असे जे सामान्यतः समजले जाते ते अपुरे आहे, हे रमाबाईंच्या उदाहरणावरून दिसते. जन्माने मिळालेले अन्नही माणूस निवडू शकतो. मात्र त्यासाठी ते सोडण्याची मोकळीक त्यास आधी मिळालेली असावी लागते. पंगत मोडल्यावाचून ती मोकळीक रमाबाईंना लाभली नसती.