थायलंडची सुटी नाणी : सतांग म्हणजे काय?

थायलंडचे चलन बाथ आहे. १ बाथ म्हणजे १०० सतांग. रोजच्या वापरात १, २, ५ आणि १० बाथची नाणी असतात. त्याहून लहान अशी २५ आणि ५० सतांगची दोनच नाणी हाती येतात. १, ५ आणि १० सतांगची नाणीही कायदेशीर आहेत, पण ती अगदी कमी पाडली जातात आणि बाजारात दिसत नाहीत.

२५ व ५० सतांगची नाणी पूर्वी पिवळसर होती. २००८ पासून ती तांब्याचा मुलामा दिलेल्या पोलादाची, म्हणजे लालसर रंगाची असतात.

ही नाणी मुख्यतः सुपरमार्केटमध्ये सुटे म्हणून मिळतात. रस्त्यावरचे विक्रेते मात्र सहसा पूर्ण बाथमध्येच व्यवहार करतात. त्यामुळे ही नाणी सुपरमार्केटच्याच पुढच्या बिलात खर्च करणे सोयीचे. साठवून एकदम देण्यालाही मर्यादा आहे : कायद्याने एका वेळी १० बाथपर्यंतचीच रक्कम २५ व ५० सतांगच्या नाण्यांत देता येते.

पाव बाथला थाई भाषेत ‘सलुंग’ म्हणतात. दशमान पद्धत येण्यापूर्वी ४ सलुंगांचा १ बाथ होई. बाथ हे मुळात वजनाचे माप. म्हणूनच २५ सतांगच्या नाण्याला आज फारशी किंमत नसली, तरी सराफाकडे ‘एक सलुंग सोने’ म्हटले की पाव बाथ वजनाचे, म्हणजे सुमारे ३.८ ग्रॅम सोने मिळते.