कापलेल्या रायफलीची जन्मखूण

दुसऱ्या महायुद्धानंतर लष्करांनी मोडीत काढलेल्या असंख्य ली-एनफिल्ड रायफली अमेरिका-कॅनडात स्वस्तात विकल्या गेल्या. घेणाऱ्यांनी नळीवरचे लाकूड कापले, कधी नळीही आखूड केली आणि हरणाच्या शिकारीसाठी हलकी बंदूक करून घेतली. सैनिकी रूप गेले. मग मूळ कसे ओळखायचे?

दस्ता जिथे बसतो तो लोखंडी भाग सहसा तसाच राहतो. १९०७च्या मार्क तीन नमुन्यात त्याच्या उजव्या बाजूला मुकुट, राजाची आद्याक्षरे, कारखाना, साल आणि नमुना ठोकलेला असतो. ‘एनफिल्ड’ म्हणजे ब्रिटन, ‘लिथगो’ म्हणजे ऑस्ट्रेलिया. मुकुटाखाली ‘जी. आर.’पुढे ‘आय’ दिसला, तर रायफल बंगालमधल्या इशापूरची. तो ‘आय’ म्हणजे ‘इंपरेटर’, सम्राट. हिंदुस्थानवरच्या हक्काची खूण. स्वातंत्र्यानंतर त्याच कारखान्याच्या रायफलींवर मुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले. नुसत्या ‘इंग्लंड’ या ठशावर मात्र विसंबू नये. तो बहुधा निर्यातीच्या वेळचा. बोल्ट आणि नळीवरचे क्रमांकही ताडून पाहावेत. ते जुळले नाहीत, तर सुटे भाग नंतर बदललेले असतात.

शिकाऱ्याला लाकडाचे वजन नको होते. लोखंडावरच्या अक्षरांशी त्याला कर्तव्य नव्हते. म्हणूनच ती वाचली.