मत्स्यालयासाठी जलशुद्धीकरण

मत्स्यालयासाठी जलशुद्धीकरण म्हणजे नळाच्या, विहिरीच्या किंवा कूपनलिकेच्या पाण्यातील क्लोरीन, विरघळलेले क्षार, जड धातू व अन्य अपायकारक घटक ते पाणी घरगुती मत्स्यालयात भरण्यापूर्वी काढून टाकण्याची प्रक्रिया होय. शोभिवंत मासे, कोळंबी व प्रवाळ पाळणारे हौशी लोक या कामासाठी प्रामुख्याने उलट परासरण ही पद्धत वापरतात. ती आरओ या संक्षिप्त नावाने ओळखली जाते. या पद्धतीत शुद्ध पाण्याबरोबर क्षारयुक्त टाकाऊ पाणीही तयार होते. सामान्य घरगुती संचात एक लिटर शुद्ध पाण्यामागे तीन ते चार लिटर पाणी टाकाऊ ठरते, तर अकार्यक्षम संचात हे प्रमाण याहून बरेच अधिक असते.

१०० लिटरच्या मत्स्यालयातील एक चतुर्थांश पाणी दर आठवड्याला बदलल्यास वर्षाला १,३०० लिटर शुद्ध पाणी लागते. टाकाऊ पाण्याचे प्रमाण एकास चार असल्यास त्यासाठी ५,२०० लिटर पाणी वाया जाते. हेच प्रमाण एकास एक असल्यास केवळ १,३०० लिटर जाते. हे प्रमाण पाण्याचा दाब, तापमान, क्षारता आणि संचाची जोडणी यांवर अवलंबून असल्याने ते बऱ्याच अंशी नियंत्रित करता येते.

शुद्धीकरणाची गरज

प्रत्येक मत्स्यालयाला उलट परासरणाची आवश्यकता नसते. गप्पी, मॉली व प्लॅटी हे मासे जड पाण्यात चांगले वाढतात. आफ्रिकेतील मलावी व टांगानिका सरोवरांतील सिक्लिड मासे निसर्गतःच जड व अल्कधर्मी पाण्यात राहतात. अशा माशांसाठी नळाच्या पाण्यातील क्लोरीन काढणे बहुधा पुरेसे असते. पाणी हवेशीर ठेवल्याने क्लोरीन उडून जातो किंवा सोडियम थायोसल्फेटच्या साहाय्याने तो नष्ट करता येतो. पाणी क्लोरामाइनने निर्जंतुक केलेले असल्यास ते नुसते साठवून ठेवल्याने शुद्ध होत नाही. थायोसल्फेटने क्लोरामाइनचे विघटन केल्यावर अमोनिया शिल्लक राहतो, त्यामुळे त्याचाही बंदोबस्त करावा लागतो.

ॲमेझॉन खोऱ्यातील डिस्कस व अनेक जातींचे टेट्रा मासे, मृदू पाण्यातील कोळंबी आणि सागरी मत्स्यालये यांना मात्र कमी क्षारांचे पाणी लागते. सागरी मत्स्यालयात नळाच्या पाण्यातील नायट्रेट, फॉस्फेट व सिलिकेट शेवाळास पोषक ठरतात, तर तांबे अत्यल्प प्रमाणातही अपृष्ठवंशीय जीवांना घातक असते.

पाण्याचा स्रोतही निर्णायक असतो. भातसा, वैतरणा व तानसा या जलाशयांतून मुंबईला मिळणारे पाणी तुलनेने मृदू असते, तर दख्खनच्या पठारावरील बेसाल्ट खडकातील कूपनलिकांचे पाणी बहुधा जड असते. त्यामुळे एकाच जातीच्या माशांसाठी एका गावी आरओ संच आवश्यक, तर दुसऱ्या गावी अनावश्यक ठरू शकतो. संच घेण्यापूर्वी पाण्याची जडता, सामू, नायट्रेट व एकूण विरघळलेले घन पदार्थ, म्हणजेच टीडीएस, तपासणे हा अपव्यय टाळण्याचा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

कार्यपद्धती

सिडनी लोएब व श्रीनिवास सौरिराजन यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलस येथील शाखेत सेल्युलोज ॲसिटेटचे व्यवहार्य पटल विकसित केले. १९७० च्या दशकात जॉन कॅडॉट यांच्या संशोधनातून पॉलिअमाइडचा पातळ थर असलेले संयुक्त पटल पुढे आले. आजचे घरगुती संच प्रामुख्याने याच प्रकारचे आहेत. क्लोरीनमुळे हे पटल खराब होते, म्हणून त्यापूर्वी गाळ अडवणारा फिल्टर व सक्रिय कार्बनचा फिल्टर बसवलेला असतो.

दाबाखाली पटलावर येणाऱ्या पाण्याचा काही भाग पटलातून पार होतो आणि उरलेले पाणी अडवलेले क्षार घेऊन बाहेर पडते. हा प्रवाह पटल धुण्याचे काम करतो. तो पूर्णपणे बंद केल्यास क्षार पटलावर साचून ते निकामी होते. त्यामुळे टाकाऊ पाणी कमी करता येते, परंतु शून्यावर आणता येत नाही.

येणाऱ्या पाण्यापैकी जेवढा हिस्सा शुद्ध पाणी म्हणून मिळतो, त्यानुसार टाकाऊ पाण्याची क्षारता वाढते. मूळ टीडीएस ४०० मि.ग्रॅ./लिटर असल्यास टाकाऊ पाण्याचा टीडीएस साधारणपणे पुढीलप्रमाणे असतो:

- २० टक्के पाणी मिळाल्यास (एकास चार): ५००
- ५० टक्के पाणी मिळाल्यास (एकास एक): ८००
- ७५ टक्के पाणी मिळाल्यास (तीनास एक): १,६००

यावरून जड पाण्याच्या ठिकाणी बचतीची मर्यादा लवकर का गाठली जाते हे स्पष्ट होते.

अपव्यय कमी करण्याचे उपाय

दाब: गच्चीवरील टाकीच्या दर १० मीटर उंचीमागे सुमारे १ बार दाब मिळतो. पटलाची नमूद क्षमता मात्र साधारणपणे ३.५ ते ४ बार दाबाला मोजलेली असते. वरच्या मजल्यावरील घरांत दाब अगदीच अपुरा असतो. अशा वेळी शुद्ध पाणी कमी मिळते व टाकाऊ पाण्याचे प्रमाण वाढते. बूस्टर पंप बसवल्यास उत्पादन व शुद्धता दोन्ही सुधारतात.

तापमान: पटलाची क्षमता २५ अंश सेल्सिअसला मोजतात. त्याखाली प्रत्येक अंशामागे उत्पादन सुमारे ३ टक्क्यांनी घटते, टाकाऊ प्रवाह मात्र त्या मानाने घटत नाही. हिवाळ्यात पाणी काही काळ घरातील पिंपात साठवून, त्याचे तापमान खोलीइतके झाल्यावर पंपाद्वारे संचास दिल्यास फरक पडतो.

प्रवाह नियंत्रण: टाकाऊ नळीवरील फ्लो रिस्ट्रिक्टर पटलाच्या क्षमतेशी जुळणारा असावा लागतो. दिवसाला ७५ गॅलन, म्हणजे सुमारे २८४ लिटर क्षमतेचे पटल मिनिटाला जवळपास २०० मिलिलिटर शुद्ध पाणी देते. एकास दोन प्रमाणासाठी मिनिटाला ४०० मिलिलिटर सोडणारा रिस्ट्रिक्टर लागतो. दोन्ही नळ्यांचे पाणी ठराविक वेळ मोजपात्रात धरून प्रत्यक्ष प्रमाण तपासता येते. मृदू पाण्यात हे प्रमाण एकास एकपर्यंत आणणे शक्य असते. जड पाण्यात तसे केल्यास पटलावर कॅल्शियम कार्बोनेटची पुटे चढतात.

दुसरे पटल: पहिल्या पटलाचे टाकाऊ पाणी दुसऱ्या पटलास दिल्यास त्यातूनही शुद्ध पाणी मिळते. पाच लिटर पाण्यातून एकाऐवजी सुमारे दोन लिटर मिळाल्यास प्रमाण एकास चारवरून एकास दीडपर्यंत येते. यासाठी पुरेसा दाब आवश्यक असतो.

साठवण: साठवण टाकी भरल्यावर पाणीपुरवठा आपोआप बंद करणारी झडप नसल्यास टाकाऊ पाणी अखंड वाहत राहते. दाबाच्या बंद टाकीत पाणी साठवताना उलट दाब निर्माण होऊन उत्पादन घटते. उघड्या मुखाच्या पिंपात ही अडचण येत नाही.

मिश्रण: गोड्या पाण्यातील माशांना निव्वळ आरओ पाणी अपायकारक असते. त्यात क्षारांचा अभाव असतो व सामू अस्थिर राहतो. त्यामुळे क्षार पुन्हा मिसळावे लागतात. नळाचे पाणी अन्यथा योग्य असल्यास तेच या कामी येते. नळाच्या पाण्याचा टीडीएस ४००, आरओ पाण्याचा १० आणि अपेक्षित टीडीएस १५० असल्यास १०० लिटरमध्ये क्लोरीनमुक्त केलेले नळाचे सुमारे ३६ लिटर पाणी वापरता येते. आरओ पाण्याची गरज तेवढी कमी होते आणि क्षारांच्या मिश्रणाचा खर्चही वाचतो.

खर्च

संचाच्या वापरातील खर्च मुख्यतः फिल्टर, पटल आणि आयन-विनिमय रेझिन यांवर होतो. गाळ व कार्बनचे स्वस्त फिल्टर वेळेवर बदलल्यास महाग पटल अधिक काळ टिकते. सागरी मत्स्यालयांसाठी आरओनंतर रेझिनचा टप्पा असतो. ४०० टीडीएसच्या पाण्यातील ९८ टक्के क्षार पटलाने अडवल्यास रेझिनपर्यंत ८ मि.ग्रॅ./लिटर पोहोचतात, ९० टक्केच अडवल्यास ४०. म्हणजेच खराब पटलामुळे रेझिन सुमारे पाचपट वेगाने संपते. संच सुरू केल्यावर पहिली काही मिनिटे येणाऱ्या पाण्यात क्षार अधिक असतात. ते पाणी रेझिनमधून न नेता बाजूला काढणे आणि रोज थोडे पाणी करण्याऐवजी एकदाच मोठा साठा करणे किफायतशीर ठरते.

टीडीएस मापक पाण्याच्या विद्युतवाहकतेवरून अंदाज देतो. क्लोरीन किंवा कीटकनाशके त्यात दिसत नाहीत. त्यामुळे कार्बन फिल्टरची स्थिती क्लोरीन चाचणीने तपासावी लागते.

टाकाऊ पाण्याचा वापर

टाकाऊ पाणी कार्बन फिल्टरमधून गेलेले असल्याने त्यात सहसा क्लोरीन नसतो, पण क्षार अधिक असतात. फरशी पुसणे, शौचालय आणि कपड्यांची पहिली धुलाई यांसाठी ते वापरता येते. टीडीएस फार नसल्यास ते झाडांनाही चालते. मात्र कुंड्यांत ते सातत्याने घातल्यास मातीत क्षार साचतात. जडता, सामू व नायट्रेट तपासून ते आफ्रिकी सिक्लिडच्या मत्स्यालयातही वापरता येते.

पर्यायी स्रोत

पावसाचे पाणी नैसर्गिकरीत्या मृदू असते. पहिल्या सरींचे पाणी सोडून देऊन स्वच्छ छतावरून ते साठवल्यास व कार्बनमधून गाळल्यास गोड्या पाण्याच्या मत्स्यालयासाठी उपयोगी पडते. ॲस्बेस्टॉस किंवा तांब्याच्या छतावरील पाणी टाळले जाते. वातानुकूलन यंत्रातून ठिबकणारे पाणीही धातूंच्या अंशामुळे योग्य मानले जात नाही. ऊर्ध्वपातनात टाकाऊ पाणी अल्प असले तरी उष्णता परत न मिळवल्यास एका लिटरमागे सुमारे ०.७ युनिट वीज लागते.

भारतातील नियमन

राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१९ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाला पेयजलाच्या आरओ संचांविषयी निर्देश दिले. टीडीएस ५०० मि.ग्रॅ./लिटरपेक्षा कमी असलेल्या ठिकाणी आरओच्या वापरास मनाई करावी आणि परवानगी असेल तेथे ६० टक्क्यांहून अधिक शुद्ध पाणी मिळणे बंधनकारक करावे, असे त्यांत म्हटले होते. हे निर्देश पिण्याच्या पाण्यासंबंधी असले, तरी ६० टक्क्यांची ही पातळी, म्हणजे एक लिटर शुद्ध पाण्यामागे सुमारे दोन तृतीयांश लिटरहून कमी टाकाऊ पाणी, मत्स्यालयाच्या संचाची कार्यक्षमता पडताळण्यासही उपयुक्त आहे.