पडद्यावरचे बाबासाहेब आणि त्यांच्या मागची माणसे

१९८२ साली अॅटनबरोंचा 'गांधी' आला. त्यात गोलमेज परिषद आहे, पण बाबासाहेब कुठेच नाहीत! ही रिकामी जागा भरली जब्बार पटेलांच्या 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर' या चित्रपटाने. आपण दर एप्रिलला त्याच्या चित्रफिती एकमेकांना पाठवतो, पण त्यात उभे राहिलेले कलावंत कुठून आले हे विचारत नाही.

मामुट्टी केरळचे, कायद्याचे पदवीधर, काही काळ वकिली केलेले. चवदार तळ्याचा लढा कोर्टातही लढणाऱ्या बॅरिस्टरची भूमिका वकिलाकडे जावी, हे आम्हाला बरे वाटते. पण खरी गंमत पुढे आहे. याच नटाने १९९३ च्या 'विधेयन'मध्ये माणसाला गुलाम करणारा क्रूर जमीनदार उभा केला होता. त्या वर्षी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि १९९८ चा पुन्हा बाबासाहेबांसाठी. जुलूम करणाऱ्याचे शरीर आतून ओळखणारा नट जुलमाविरुद्ध उभा राहिला, म्हणूनच तो आवाज इतका संयत आहे.

रमाई झालेल्या सोनाली कुलकर्णींनी आधी पटेलांच्याच 'मुक्ता'त दलित कार्यकर्त्यावर प्रेम करणारी पाटलाची मुलगी केली होती. गांधी झालेले मोहन गोखले दूरदर्शनच्या 'मिस्टर योगी'मुळे घरोघरी माहीत. १९९९ साली ते गेले.

आता आमचा प्रश्न. भीमराव कर्डकांचे जलसे गावोगावी फिरले, ती आपली अभिनयाची शाळाच होती. त्या शाळेतून मोठ्या पडद्यापर्यंत जाणारा रस्ता कोणी बांधला? नटाला तालीम लागते, आणि तालमीला जागा, पैसा, वेळ लागतो. आपल्या वस्तीतल्या समाजमंदिरात जयंतीनंतर कुलूप असते. ते उघडून नाटकाची तालीम सुरू करायला कोणाची परवानगी हवी आहे?