पवईची क्लीनरूम: दोन दशकांची वाटचाल

२ सप्टेंबर २०२५ रोजी नवी दिल्लीच्या यशोभूमीत ‘सेमिकॉन इंडिया’ परिषदेचे उद्घाटन झाले. केंद्रीय मंत्री अश्विनी वैष्णव यांनी तेव्हा देशात घडलेल्या चिप्स पंतप्रधानांच्या हाती दिल्या. त्यांत ‘विक्रम’ हा ३२-बिट प्रोसेसर होता. इस्रोच्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्राने तो विकसित केला आणि मोहालीच्या सेमी-कंडक्टर लॅबोरेटरीने, म्हणजे एससीएलने, तो प्रत्यक्ष तयार केला. अशा परिषदांत कंपन्यांच्या बरोबरीने विद्यापीठे आणि संशोधन केंद्रेही आपले काम मांडतात. काचेखालची चिप दोन मिनिटांत पाहून होते, पण तिच्यामागे काही दशकांची मेहनत असते. ती मेहनत काय असते, हे पवईच्या आयआयटी मुंबईतील नॅनोइलेक्ट्रॉनिक्स केंद्राकडे पाहिले की नेमके कळते.

केंद्र २००६ चे, पण त्याचा पाया त्याआधीच घातला गेला होता. प्रा. ज्यूझर वासी, प्रा. ए. एन. चांदोरकर, प्रा. दिनेश शर्मा यांच्यासारख्या अध्यापकांनी विद्युत अभियांत्रिकी विभागात मायक्रोइलेक्ट्रॉनिक्सचा अभ्यास रुजवला होता. त्या काळी देशात चिपनिर्मितीचा आधार फार तोकडा होता. मोहालीच्या एससीएलच्या कारखान्यात १९८४ मध्ये उत्पादन सुरू झाले आणि १९८९ च्या आगीत तो उद्ध्वस्त झाला. शिकवणारे होते, शिकणारेही हुशार होते, पण फळ्यावर काढलेला ट्रान्झिस्टर स्वतःच्या हाताने घडवून पाहण्याची सोय मोजक्याच ठिकाणी होती.

ही उणीव भरून काढण्यासाठी केंद्र सरकारच्या माहिती तंत्रज्ञान विभागाने २००६ मध्ये आयआयटी मुंबई आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था या दोन ठिकाणी मिळून नॅनोइलेक्ट्रॉनिक्सची केंद्रे उभी केली. पवईतील उभारणीत प्रा. व्ही. रामगोपाल राव यांचा मोठा वाटा होता. वेफरवर, म्हणजे चिप जिच्यावर घडते त्या सिलिकॉनच्या चकतीवर, पडलेला धुळीचा एक कण चिप निकामी करू शकतो. म्हणून क्लीनरूमची हवा अखंड गाळत राहावी लागते. लिथोग्राफीच्या, म्हणजे प्रकाशाने वेफरवर आराखडा उमटवण्याच्या, खोलीत पिवळाच दिवा लागतो, कारण वेफरवरचा प्रकाशसंवेदी लेप निळ्या आणि अतिनील किरणांनी बिघडतो. अतिशुद्ध पाणी, विषारी वायूंची सुरक्षित हाताळणी, रात्रंदिवस वीज हे सारे जमले, की मग संशोधनाला हात घालता येतो.

केंद्राने केलेले सर्वांत दूरदृष्टीचे काम माझ्या मते कोणत्याही एका उपकरणाचे नाही. २००८ मध्ये ‘इंडियन नॅनोइलेक्ट्रॉनिक्स यूजर्स प्रोग्राम’ सुरू झाला आणि पवई व बंगळुरूच्या प्रयोगशाळा देशभरातल्या संशोधकांसाठी खुल्या झाल्या. ज्या महाविद्यालयात चिप तपासायचे साधे प्रोब स्टेशनही नाही, तिथल्या प्राध्यापकाने प्रस्ताव पाठवायचा, कार्यशाळेत शिकायचे आणि मग क्लीनरूमचा पोशाख चढवून आपला सेन्सर किंवा ट्रान्झिस्टर इथे येऊन बनवायचा, अशी ही सोय. पुढे ‘आयडिया टू इनोव्हेशन’ या नव्या टप्प्यात दिल्ली, मद्रास, खरगपूर आणि गुवाहाटी इथल्या आयआयटीही त्यात सामील झाल्या. करोडोंची यंत्रे मूठभरांच्या हाती न राहता सार्वजनिक झाली. सरकारी पैशातून उभ्या राहिलेल्या विज्ञानाने असेच वागायला हवे.

संशोधनाची फळेही दिसू लागली. ट्रान्झिस्टर वापरता वापरता कसा झिजतो, त्याचे आयुष्य किती, या प्रश्नावरचे प्रा. सौविक महापात्रा यांचे काम जगभर मान्यता पावले. स्फोटकांचा माग काढणाऱ्या सूक्ष्म सेन्सरवरील संशोधनातून ‘नॅनोस्निफ’ हा नवउद्योग जन्मला आणि २०२१ मध्ये त्याचे ‘मायक्रोस्निफर’ हे उपकरण लोकांसमोर आले. विद्युत अभियांत्रिकी विभागातच प्रा. माधव देसाई आणि सहकाऱ्यांनी ‘अजित’ हा ३२-बिट प्रोसेसर रचला. एससीएलमध्ये १८० नॅनोमीटर तंत्रज्ञानावर तो तयार झाला.

तरीही प्रयोगशाळेत चाललेली वस्तू कारखान्यात चालेलच असे नसते. पवईत एक नमुना उत्तम चालणे वेगळे आणि कारखान्याच्या ठरलेल्या प्रक्रियेत प्रत्येक वेफरवर तोच गुण येणे वेगळे. प्रा. उदयन गांगुली यांच्या गटाने एससीएलबरोबर मिळून हे अंतर कापले. एकदाच लिहिता येणारी ८-बिट मेमरी त्यांनी १८० नॅनोमीटरच्या प्रक्रियेत बसवली. अशा मेमरीत लिहिण्यासाठी एरवी चढे व्होल्टेज लागते. या गटाने सिलिकॉन डायऑक्साइडचा अतिशय पातळ थर वापरला, त्यामुळे चढ्या व्होल्टेजची गरज उरली नाही आणि वीज व जागा दोन्ही वाचल्या. कारखान्यातून निघालेल्या सेन्सर चिप्समध्ये बारीकसारीक फरक राहतात. त्यांची दुरुस्ती चिपमध्येच कायमची नोंदवून ठेवायला ही मेमरी उपयोगी पडते. ऐकायला साधी, पण देशी कारखान्याने देशी संशोधन स्वीकारले, ही गोष्ट माझ्या लेखी फार मोठी आहे.

डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने ७६,००० कोटी रुपयांचा सेमीकंडक्टर कार्यक्रम जाहीर केला आणि वातावरणच बदलले. ‘सेमिकॉन इंडिया’ २०२२ मध्ये बंगळुरूत, २०२३ मध्ये गांधीनगरला, २०२४ मध्ये ग्रेटर नोएडात आणि मग दिल्लीत भरली. संशोधन केंद्रांना या परिषदांतून दाद मिळतेच, पण त्याहून मोलाची असते ती उद्योगाशी समोरासमोर होणारी बोलणी. ही चिप किती तापमानाला टिकेल, शंभरात किती चांगल्या निघतील, पुरवठा कोण करेल, असे प्रश्न शोधनिबंधाचा परीक्षक सहसा विचारत नाही. कारखानदार पहिल्याच भेटीत विचारतो. त्या प्रश्नांनी पुढच्या प्रयोगांची दिशा ठरते.

मात्र नव्या फॅबच्या, म्हणजे चिप कारखान्यांच्या, घोषणांच्या गर्दीत या क्लीनरूमकडे दुर्लक्ष होता कामा नये. यंत्र एकदा विकत घेऊन भागत नाही. त्याची देखभाल, सुटे भाग आणि ते निगुतीने चालवणारे तंत्रज्ञ यांच्यासाठी वर्षानुवर्षे पैसा लागतो. उद्याच्या फॅबमध्ये उभे राहणारे हात इथेच तयार होणार आहेत. म्हणून विद्यापीठांच्या केंद्रांनी पुढच्या परिषदेत आपली चिप मांडताना तिच्याशेजारी एक पाटी जरूर लावावी. ही चिप कोणत्या गावच्या, कोणत्या महाविद्यालयाच्या मुलामुलींनी बनवली, कोणत्या तंत्रज्ञाने त्यांना यंत्र शिकवले आणि आज ती सारी माणसे कुठे काम करतात, हे त्या पाटीवर लिहावे. केंद्राची खरी कमाई त्या यादीत दिसेल आणि पुढच्या वीस वर्षांसाठी पैसा मागताना तिच्याइतका भक्कम पुरावा दुसरा नसेल.